दहाव्या म्हाताऱ्याची वाट

पुष्कळ पावसाळ्यांपूर्वी, राजाचा हुकूम बैलगाडीने यायचा आणि ताप मात्र वाऱ्याने यायचा, त्या काळातली ही गोष्ट.

एका राज्यात डोंगरताप पसरला. ज्या घरात शिरला, तिथून एखादं तरी माणूस घेऊनच तो बाहेर पडायचा. म्हातारी माणसं तर तीन-चार दिवसही टिकत नसत. राजवैद्याने रानोमाळ फिरून एक कडू अर्क तयार केला. आलेल्या तापावर त्याचा काही उपयोग नव्हता. पण ताप यायच्या आधी एक घोट पोटात गेला, तर वर्षभर तो जवळ फिरकत नसे.

अर्क मातीच्या बुधल्यांत भरला, बुधल्यांच्या तोंडांवर लाख लावली आणि प्रत्येक गावाला पाच-पाच बुधले पाठवले. एका बुधल्यात दहा घोट. लाख फुटून एकदा हवा लागली, की सूर्य मावळेपर्यंतच अर्काचा गुण. मग नुसतं कडू पाणी.

बुधल्यांसोबत राजाचा हुकूम आला. आधी साठी उलटलेल्यांना द्या. ते सगळे झाले, की आजाऱ्यांची उठबस करणाऱ्यांना, आणि मग बाकीच्यांना. पाचही बुधले रिकामे होऊन परत आले, की नवे पाच मिळतील. आणि एकही घोट वाया जाता कामा नये.

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात हे बुधले कोठीवाल्याच्या ताब्यात आले. तीस वर्षं तो गावाच्या धान्याची कोठी सांभाळत होता आणि त्या कोठीतली मूठभर ज्वारी कधी कमी भरली नव्हती. उंदीरसुद्धा त्याला वचकून असतात, असं गाव म्हणायचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तो, त्याची थोरली विधवा बहीण, मुलगा आणि दोन महिन्यांपूर्वी आलेली सून.

सून कमी बोलायची. नव्या घरात कमी बोललं की जास्त दिसतं, हे तिला आठ दिवसांतच कळलं होतं. तिच्याशी आपणहून बोलणारं माणूस एकच, ते म्हणजे सासऱ्यांची बहीण, आत्याबाई. चुलीचा धूर कुठल्या बाजूला वळतो इथपासून मामंजी कुठल्या शब्दाने चिडतात इथपर्यंत, या घरातलं सगळं तिला आत्याबाईंनीच सांगितलं होतं. त्या नसत्या, तर ते दोन महिने तिला फार जड गेले असते.

गावात साठी उलटलेली माणसं निघाली एकोणचाळीस. कोठीवाल्याने पहिल्या दिवशी दहा जणांना ओसरीवर बसवलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि मग लाख फोडली. असे तीन बुधले तीन दिवसांत रिकामे झाले. कोठीवाल्याच्या घरच्यांना आधी मिळालं असं कुणी म्हणायला नको, आपला नंबर शेवटी लागावा, म्हणून आत्याबाई मागे थांबल्या होत्या. चौथ्या दिवशी ओसरीवर नऊ जण बसले.

कोठीवाल्याने मोजलं आणि म्हणाला, दहावा आला की उघडू.

दहावा नव्हताच. गावातला प्रत्येक म्हातारा मोजून झाला होता. तरी नऊ जण रोज सकाळी यायचे, बसायचे आणि उन्हं चढली की घरी जायचे. त्यांच्यात एक म्हातारा सुतार होता. गावातल्या निम्म्या माणसांना त्याच्या हातच्या पाळण्यात झोप लागलेली. तो रोज आल्या आल्या विचारायचा, "काय, जन्मला का दहावा?"

लोकांनी कोठीवाल्याला पुष्कळ समजावलं. आमच्यातला एक तरणा दहावा म्हणून घ्या, असं कुणी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, म्हातारे संपल्याशिवाय तरण्यांना देता येत नाही. मग म्हाताऱ्यांना तरी द्या, असं लोक म्हणाले. त्यावर तो म्हणाला, ते दहा नाहीत. एकाने शेजारच्या गावातून सासऱ्याला गाडीत घालून आणायची तयारी दाखवली. पण त्या सासऱ्याचा घोट त्याच्या गावच्या बुधल्यात होता. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, की कोठीवाल्याचंच वय साठीला टेकलंय. तो मोठ्या पुराच्या वर्षी श्रावणात जन्मला होता आणि आता चैत्र चालू होता.

"मग पूर चार महिने आधी आला असं धरा," एकजण म्हणाला.

लोक हसले. कोठीवाला हसला नाही. आत्याबाई म्हणाल्या, मी याला जन्मताना पाहिलंय, माझ्या साक्षीने हा साठीचा आहे. तो म्हणाला, "आक्का, तू खोटं बोलतेस." आणि ते खरंच होतं.

दिवस जाऊ लागले तसं हसणं कमी झालं. म्हातारे अडले म्हणून तरणे अडले, आणि बुधले अडले म्हणून नवे येईनात. ओसरीसमोर गर्दी व्हायची. सुनेने पाहिलं, की सगळ्यात मोठ्याने ओरडणारे सगळ्यात मागे उभे असतात. पाणवठ्यावर ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि ती पाठमोरी झाली की सुरू व्हायचं. या घराने मागच्या दाराने कधीच घोट घेतलेत, बुधल्यात आता पाणी आहे, म्हणून तर तोंड उघडत नाहीत, असं ते बोलणं होतं. ती ऐकायची आणि घागर भरायची. घरात एकानेही घोट घेतला नव्हता, हे सांगून कुणाला पटलं असतं?

एका सकाळी आत्याबाई भावाला म्हणाल्या, "अरे, मी तुला कडेवर घेऊन फिरले, तेव्हा दहा पोरं जमायची वाट पाहिली नाही."

कोठीवाल्याने मान खाली घातली, पण कोठीची किल्ली कमरेलाच राहिली. त्याचं बहिणीवर प्रेम नव्हतं असं नाही. हुकूम मोडला तर जाब आपल्याला द्यावा लागेल, याची भीतीही त्याला फारशी नव्हती. एक घोट आपल्या हातून वाया गेला, हे आपण सहन करू शकणार नाही, अशी त्याची खात्री होती.

पंधराव्या दिवशी सुतार आला नाही. त्याला ताप भरला होता. अठराव्या दिवशी तो गेला. गावाने त्याला नदीवर पोचवलं, आणि दुसऱ्या सकाळी राहिलेले आठ जण सवयीने ओसरीवर येऊन बसले. आत्याबाईंनी सुताराची जागा मोकळी सोडली होती.

कोठीवाल्याने मोजलं. तो म्हणाला, "आता दोन कमी पडतात."

हे वाक्य सुनेने दारातून ऐकलं. आत्याबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, शांत, जणू पुढचा आकडाही त्यांना माहीत होता.

कोठी झाडायचं काम सुनेचं होतं. कोठीवाल्याने रोजच्यासारखं कुलूप काढून दिलं आणि तो आंघोळीला गेला. ती केरसुणी घेऊन आत गेली. कमरेला तिने आज उलथणंही खोचलं होतं. चौथ्या बुधल्याच्या तोंडावरची लाख तिने उलथण्याने उचकटली. लाखेचे दोन तुकडे खाली पडले, ते तिने झाडून घेतले. मग बुधला उचलला, ओसरीवर आणून आत्याबाईंसमोर ठेवला आणि परसात न्हाणीच्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "चौथा बुधला उघडलाय. मी उघडला. सूर्य मावळायला अजून तीन प्रहर आहेत."

आत पाण्याचा आवाज थांबला. कोठीवाला ओल्या अंगानेच बाहेर आला. त्या घरात सुनेवर कुणी हात उचलला नव्हता, पण त्या क्षणी तिला वाटलं, आज उचलला जाईल. तो तिच्या बाजूने ओसरीकडे गेला आणि बुधल्याजवळ बसून आत पाहू लागला.

मग जे झालं, ते गाव पुढे कितीतरी वर्षं सांगत होतं. एक घोटही वाया जाता कामा नये, आणि सूर्य तर वर चढत होता. कोठीवाला धावपळ करू लागला. आधी बहिणीला घोट दिला. तिच्या हनुवटीवरून ओघळ आला, तो बोटाने टिपून परत तिच्या तोंडात घातला. मग बाकीच्या सात जणांना दिले. आठ झाले. बुधल्यात दोन घोट उरले, आणि गावात घोट न मिळालेला म्हातारा एकही उरला नाही.

म्हणजे आता हुकुमातली पुढची ओळ लागू झाली होती. कोठीवाला ते बोटांवर मोजत उठला. ओलं धोतर सावरत तो गल्लीतून पळाला आणि सुताराची उठबस करणारी त्याची सून आणि गावची सुईण अशा दोघींना घेऊन आला. दोन घोट त्यांना गेले. बुधला उपडा केला, थेंब पडला नाही. आता म्हातारे संपले होते, तेव्हा दुपारच्या आत पाचव्याचीही लाख फुटली आणि दारातल्या गर्दीतच तो रिकामा झाला. पाच रिकामे बुधले त्याच दिवशी गाडीत चढले.

पाचव्या बुधल्यातला घोट कोठीवाल्याच्या सुनेने घेतला नाही. तिचा नंबर नव्या बुधल्यांच्या चौथ्या गाडीला लागला. पाणवठ्यावरच्या बायकांनी ते पाहिलं.

वैशाखात राजवैद्य स्वतः गावात आला. आपल्या घरात हुकुमाविरुद्ध लाख फुटली, असं कोठीवाल्यानेच कळवलं होतं. त्याने किल्ल्या वैद्यासमोर ठेवल्या. सून दाराआड उभी होती. तिने उघडलं हे त्याने सांगितलं नाही. आपल्या घरात फुटली, एवढंच सांगितलं.

"किती घोट वाया गेले?" वैद्याने विचारलं.

"एकही नाही."

"मग मला कशाला बोलावलंस?"

कोठीवाला म्हणाला, "मी अठरा दिवस एक घोट वाचवत बसलो होतो, महाराज. तो कधी वाया जाणारच नव्हता. सुतार गेला."

वैद्याने किल्ल्या परत सरकवल्या. राजधानीत गेल्यावर त्याने राजाकडून हुकुमात एक ओळ वाढवून घेतली. दारात एक माणूस जरी आलं, तरी बुधला उघडावा. तशी दवंडी गावोगाव फिरली. काही गावांत ती वेळेवर पोचली, काही गावांत नाही.

आषाढ लागेपर्यंत या गावातल्या प्रत्येकाला घोट मिळाला होता. कोठीवाला आता पहाटेच दार उघडायचा आणि पहिलं पाऊल वाजलं की लाख फोडायचा. लोकांचा राग हळूहळू निवला. सुताराच्या सुनेचा निवला नाही. आपल्या लेकरांना ती घोट द्यायला घेऊन आली, तेव्हा कोठीवाल्याने पुढे केलेल्या वाटीकडे तिने पाहिलंच नाही. ती कोठीवाल्याच्या सुनेसमोर जाऊन उभी राहिली. कोठीवाल्याने वाटी सुनेच्या हातात दिली आणि तो आत निघून गेला.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, जपायला दिलेलं काय आणि वाटायला दिलेलं काय, हे ज्याला कळत नाही, त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.