भरलेल्या टाक्या आणि पाटा

फार वर्षांपूर्वी, रस्ता संपतो तिथून पुढे जाणारी एक जीप होती. तिचा मागचा सगळा भार चाकांवरचा एक म्हातारा पोलादी पाटा, म्हणजे कमानीसारखी स्प्रिंग, निमूटपणे पेलायचा.

वाळवंटाच्या सफरीसाठी मालक वामोरकरांनी जीपला डिझेलच्या दोन जादा टाक्या बसवून घेतल्या. टाक्या काठोकाठ भरल्या आणि पाटा पार वाकला.

"बायांनो, थोडं कमी भरून घ्या. एवढं मला झेपायचं नाही," तो म्हणाला.

टाक्या हसल्या. "गाडी लांब जाणार ती आमच्यामुळे. तुला ओळखतं कोण?"

मिस्त्रीही म्हणाला, "साहेब, पाटा जाड घालू या."

"आता कशाला? चालतंय तोवर चालू दे," वामोरकर म्हणाले.

पाट्याने तीन दिवस कसेबसे रेटले. चौथ्या दिवशी एका खड्ड्यात तो कडकन मोडला आणि जीप वाळूत बसली. टाक्या अजून निम्म्याहून अधिक भरलेल्या होत्या.

दोन दिवसांनी उंटवाले देवासारखे भेटले. निघताना वामोरकरांनी मोडक्या पाट्याला लाथ मारली. "या नालायकाने घात केला!"

टाक्या मात्र त्यांनी जपून सोडवल्या आणि उंटावर लादल्या. पाट्याला टाक्यांचा आवाज ऐकू आला, "जरा सावकाश चाल रे, हिसके बसतात आम्हाला."