शेजारची सीट

डिगसकर मास्तरांनी नऊ वर्षं खपून अठ्ठावन्न सालची लाल स्पोर्ट्स कार रस्त्यावर आणली. मुंबईचे शौकीन ती विकत मागून थकले होते. एके दिवशी आमदार हिंदुराव चार माणसं घेऊन दारात आले.

"मास्तर, उद्या विजयाच्या मिरवणुकीत ही गाडी मी स्वतः चालवणार."

त्यांनी अशीच नेलेली एक जीप मालकाला चाकांशिवाय परत मिळाली होती. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

"जरूर न्या," मास्तर म्हणाले. "फक्त सीट दोनच आहेत. शेजारी यांच्यातलं कोण बसणार, तेवढं सांगा."

मेहुणे, तालुकाध्यक्ष आणि दोन्ही नगरसेवक एकदम पुढे सरकले. आमदारांनी चारही चेहरे पाहिले आणि घाम पुसला.

"राहू द्या मास्तर, आपला ट्रकच बरा. त्यात सगळे मावतात."

मास्तरांच्या जिवात जीव आला. त्या चौघांना त्यांनी आग्रहाने चहा पाजला.