हरबाजीचं 'हं'

एका नगरातल्या तांबट आळीत हरबाजी नावाचा एक तांबट होता. त्याच्या घागरीला नाव ठेवायला जागा नसे. सकाळी हातोडी उचलली की ती दिवेलागणीलाच खाली ठेवायची, असा त्याचा खाक्या. ठोक्यांच्या त्या गदारोळात त्याची बायको भागीरथी काहीबाही सांगत असे आणि हरबाजी मान न उचलता म्हणे, "हं." बावीस वर्षांचा संसार झाला तो या एका अक्षरावर. माणूस वाईट नव्हता हो. बायकोवर त्याचा फार जीव होता. तो तिला कळावा कसा, एवढं मात्र त्याला कधी सुचलं नाही.

एका संध्याकाळी त्याने हातोडी ठेवली, तर घरात चूल थंड. भागीरथी माहेरी निघून गेली होती.

माहेर दोन कोसांवर होतं. पण स्वतः जाऊन आणायचं म्हणजे हरबाजीला कमीपणा वाटला. तो न्यायाधीशांकडे गेला. "बायको न सांगता घर सोडून गेली," तो म्हणाला. "तिला परत आणून द्या."

न्यायाधीशांनी भागीरथीला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "सांगून गेले. तीनदा सांगितलं. हे 'हं' म्हणाले."

"हातोडी चालू होती," हरबाजी पुटपुटला. कचेरीत हशा पिकला. पण कायद्याप्रमाणे न्यायाधीशांनी हुकूम लिहिला की भागीरथीने नवऱ्याच्या घरी राहावे.

हरबाजीने तो कागद तांब्याच्या नव्याकोऱ्या डबीत ठेवला आणि बायकोला घेऊन ऐटीत घरी आला. भागीरथी राहू लागली. भाकरी वेळेवर, पाणी वेळेवर, पण तोंडातून शब्द नाही. गंमत अशी की चार दिवस हरबाजीला याचा पत्ताच नव्हता. पाचव्या दिवशी ठोके घालता घालता तो सवयीने "हं" म्हणाला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, तिने काही सांगितलंच नव्हतं.

"भागी, बोल ना काहीतरी," तो म्हणाला.

"हुकमात राहायचं लिहिलंय. बोलायचं कुठं लिहिलंय?" एवढंच म्हणून ती आत गेली.

हरबाजी डबी घेऊन पुन्हा कचेरीत हजर. "साहेब, तिने बोलावं असंही लिहून द्या."

"देतो की," न्यायाधीश म्हणाले. "पूर्वी ती काय बोलायची ते सांग, तसंच लिहितो."

हरबाजीने तोंड उघडलं. आठवून आठवून थकला. बावीस वर्षांतलं तिचं एकही वाक्य त्याला आठवेना. भर कचेरीत त्याचे डोळे भरून आले. मग त्याने डबीतला कागद काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. "हा हुकूम रद्द करा."

"उद्या ती निघून जाईल, बरं का."

"जाईल. पण राहिली तर तिच्या मनाने राहील."

घरी येऊन त्याने हातोडी उचलली नाही. तो भागीरथीसमोर बसला. "हुकूम परत दिला, भागी. तू मोकळी आहेस. पण जाण्याआधी एवढं सांग, का गेली होतीस?"

भागीरथीने आधी हातोडीकडे पाहिलं. ती खाली होती. मग म्हणाली, "आईचे डोळे चाललेत. पुरते जायच्या आत तिला एकदा लेकीचं घर बघायचंय. तिला आणायला गाडी जुंपा, म्हणून रोज सांगत होते. तुम्ही रोज 'हं' म्हणालात."

"मग कचेरीत का नाही सांगितलंस?"

"घरात ज्याने ऐकलं नाही, त्याला चारचौघांत काय सांगायचं?"

हरबाजी खाली मान घालून म्हणाला, "चुकलो, भागी." तो उठला आणि त्याने गाडी जुंपली. भागीरथी दारात आली आणि आपणहून गाडीत चढून बसली.

आळीत हरबाजीची हातोडी थांबली म्हणून शेजारी बघायला आला होता. त्याने पाहिलं, तर हरबाजी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा सोडवत होता.

"अरे, माळा कशाला काढतोस? बैल कसे ओकेबोके दिसतील!"

"दिसू देत," हरबाजी म्हणाला. "दोन कोस भागी बोलणार आहे. मला नीट ऐकू आलं पाहिजे."

तात्पर्य: रुसलेलं माणूस हुकमाने घरात आणता येतं, पण त्याचं मन परत आणायचं असेल, तर हातातलं काम खाली ठेवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.