यमूचा न विचारलेला प्रश्न

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, आणि थोरांनीही ऐकावी अशी. एका मोठ्या तलावाच्या बांधाखाली एक गाव होते. गावच्या शाळेत दामोदरशास्त्री नावाचे गुरुजी शिकवत. विद्वान माणूस, पण शिस्तीचा भारी कडक.

वर्गात यमू नावाची एक मुलगी होती. मुंग्या अंडी घेऊन कुठे जातात? सावली दुपारी आखूड का होते? तिचे प्रश्न संपत नसत. पाठात खंड पडला की शास्त्रीबुवांच्या कपाळाला आठी पडे.

एके दिवशी त्यांनी नियमच केला. पाठ चालू असताना जो प्रश्न विचारेल, त्याने दातांत पिंपळाचे पान धरून कोपऱ्यात उभे राहायचे.

पान बहुतेक वेळा यमूच्याच वाट्याला येई. बाकीची मुले हसत. हळूहळू तिचे प्रश्न कमी झाले, मग थांबले. वर्ग शांत झाला. शास्त्रीबुवांना वाटले, मुलगी सुधारली.

त्या वर्षी पाऊस खूप झाला. एका सकाळी यमू धावत शाळेत आली. दारात उभी राहून तिने तोंड उघडले. शास्त्रीबुवा श्लोक सांगत होते. त्यांनी नुसती नजर वर केली. यमूने तोंड मिटले आणि ती जागेवर जाऊन बसली.

दुपारी बांध फुटला.

शाळा उंचावर होती, म्हणून मुले वाचली. खालची आळी मात्र पार वाहून गेली. त्यात यमूची आई होती, पाळण्यातला भाऊ होता आणि शास्त्रीबुवांची पत्नीही होती.

पाणी ओसरल्यावर शास्त्रीबुवा चिखलात बसलेल्या यमूजवळ आले.

"सकाळी तू काही सांगणार होतीस का गं?"

"बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं. रोज नितळ असतं, आज गढूळ होतं. असं का, ते विचारायचं होतं."

"मग विचारलं का नाहीस, बाळ?"

"पाठ चालू होता, गुरुजी."

गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती आतून वाहून जाते आहे, हे शास्त्रीबुवांना ठाऊक होते; ते तिच्याशेजारी चिखलातच बसले.

पुढे त्यांनी शाळा पुन्हा उभी केली. आता तिथे मुले दिवसभर प्रश्न विचारत. "मला नाही ठाऊक, चला, बघून येऊ," असे म्हणून शास्त्रीबुवा त्यांना रानात, ओढ्यावर घेऊन जात. ती मुले मोठी झाली तरी शिकतच राहिली. त्यांच्यातल्याच काहींनी नवा, भक्कम बांध घातला.

यमूही रोज शाळेत येई. शास्त्रीबुवा तिच्याजवळ बसून हळूच विचारत, "आज काय पाहिलंस, बाळ?"

"काही नाही, गुरुजी," ती म्हणे.

ते म्हातारे झाले, अंथरुणाला खिळले, तरी भेटीला आलेल्या यमूला तेच विचारत राहिले. तिचे उत्तर बदलले नाही.

तात्पर्य: मुलाचा प्रश्न मायेने ऐकणारी शाळाच त्याला जन्मभर शिकते ठेवते, धाकाने मारलेली जिज्ञासा मात्र पश्चात्तापाने परत येत नाही.