एका रिमोटचा व्हिडिओ गेम

टीव्हीला मागे भलंमोठं पोट असायचं, त्या काळची गोष्ट. एका गल्लीतल्या काळ्या व्हिडिओ गेमला आपल्या झकास चित्राचा भारी तोरा होता. पण त्याला रिमोट एकच, आणि त्याच्या कॅसेटी गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. स्वस्तातल्या पांढऱ्याला मात्र दोन रिमोट होते, आणि त्याच्या कॅसेटी घरोघर अदलाबदल होत फिरायच्या.

पुष्कळ वर्षांनी दोघं मुजावरचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात एकाच फळीवर भेटले. पांढरा पार पिवळा पडला होता.

“माझ्यावर बघ, एक ओरखडा नाही!” काळा म्हणाला.

तेवढ्यात एक बाई आली. पिवळ्यातली कॅसेट काढून तिने धूळ उडवायला सवयीने फुंकर मारली. “चाचा, हा चालू करून द्या. दादाला हरवायचं राहिलंय.”

काळा कितीतरी वेळ आठवत राहिला, आपल्या कॅसेटवर कुणी कधी फुंकर मारली होती का?