वळणावरचा गूळ

सगळा दोष वामनराव शिर्सेकरांचा. आमच्या रनर्स क्लबचे अकरा वर्षं अध्यक्ष, वय चौसष्ट, आणि दरवर्षी हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत. आपल्याकडे वय झालेल्या माणसाला खोटारडा म्हणायची कुणाची छाती होत नाही, त्यावरच त्यांचं निभावत होतं.

यंदा बक्षीस समारंभात ते शकूमावशी धायगुड्यांवर घसरले. मावशी सहासष्टच्या, निवृत्त नर्स. वाटेत पेरू खात, ओळखीच्यांशी बोलत त्या तीन तास वीस मिनिटांनी हसत आल्या होत्या.

"या वयात एकवीस किलोमीटर पळून कुणी हसत येत नाही," वामनराव माइकवर गरजले. "तुम्ही अर्ध्यातूनच फिरलात. पुरावा द्या, नाहीतर पदक ठेवा आणि क्लबात पुन्हा पाऊल टाकू नका."

समितीतले म्हातारे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मावशींनी गळ्यातलं पदक घट्ट धरलं.

"साहेब, जिथून परत फिरायचं त्या वळणावर लेझीमवाल्या पोरींनी मला गूळ दिला. तुम्हालाही दिला असेल ना?"

"दिला की! पण मी तुमच्यासारखा थांबलो नाही. पळता पळता घेतला."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग अख्खा मांडव. वळणावर ना लेझीम होतं ना गूळ. तिथं शाळेचे मास्तर एकटेच पाणी देत होते. इतका वेळ तोंड शिवून बसलेले मास्तर आता कुठे उठले.

"मावशी माझ्यापाशी दहा मिनिटं बसून गेल्या. साहेब काही दिसले नाहीत."

"मला घाई नसते, साहेब," मावशी म्हणाल्या. "म्हणून मी वळणापर्यंत जाऊन येते."

वामनरावांचं अध्यक्षपद त्याच दुपारी गेलं.