आभाळाचा सातवा पदर

एका राज्यात महाराणी आपल्या नव्या सुनेविषयी दोन वाक्ये बोलली, आणि ती नेमकी सुनेनेच ऐकली.

"सातव्या पदराचा टाका शेवंतीकडून घालून घ्या, भटजी. पोर मुकीच आहे, काही विचारायची नाही."

राजजादूगार तंतुभट हसला. खांबाआड शेवंती हार ओवत होती. तिने एक फूल जरा जोरात ओवले, इतकेच.

त्या राज्याची रीत अशी : नवा राजा गादीवर बसला की आभाळाखाली मायेच्या धाग्याचा एक पदर ताणायचा, सावलीसाठी. शेवटचा टाका घरच्या सुनेचा. तो उसवायचा अधिकारही सुनेलाच. सहा राजांचे सहा पदर झाले होते. उकाडा वाढतच होता, आणि तो वाढला की दरबार म्हणे, सावली कमी पडते आहे. तळे इतके आटले की राजहंस चालत फिरत. उद्या शेवंतीचा पती जयधर राजा व्हायचा होता.

संध्याकाळी पश्चिमेला शेजारच्या जगाचा पिवळा गोल चमकला. त्यावर गवताचे पातेही नव्हते. शेवंतीने गच्चीवरच्या साळुंकीला विचारले, "ते आपले उद्या आहे काय?"

"ऐकीव मी सांगत नाही," साळुंकी म्हणाली. "तिथून तीन वस्तू आण : तळ्याचा गाळ, सिंहासनाची राख, आभाळाची चिंधी."

एवढे बोलून ती हत्तीएवढी झाली. शेवंतीने पदर खोचला आणि तिच्या पाठीवर बसली.

पिवळ्या गोलावर दगड तव्यासारखे तापले होते. सुकल्या गाळात राजहंसांच्या पावलांचे ठसे होते, फेऱ्या मारून थकलेल्यांचे. राखेला चंदनाचा वास होता. जयधरचे सिंहासनही चंदनाचेच. चिंधीला आठ पदर होते, आणि प्रत्येकावर तंतुभटाच्या घराण्याचा दुहेरी टाका.

"सावली म्हणून ताणले," साळुंकी म्हणाली, "आणि ऊब आतच कोंडली."

"मग आपलेही असेच होणार?"

"त्यांनी आठवा ताणला. तुमचे सहा झालेत. पुढचे तुझ्या हातात आहे."

राज्याभिषेकाच्या सकाळी सगळी नगरी गार वाऱ्याने जागी झाली. गवतावर दव होते. पोरे ते बोटाने चाखत होती.

"अगं बाई, काय हा गारवा!" महाराणी म्हणाली. "भटजी, काय तुमची विद्या!"

तंतुभटाला काही कळले नाही, म्हणून त्याने नम्रपणे मान लवविली.

"मग सातवा पदर हवाच," जयधर म्हणाला आणि त्याने शेवंतीपुढे सोन्याची सुई धरली.

शेवंतीने सुई घेतली नाही. तिने पूजेच्या ताटात तीन वस्तू मांडल्या. तंतुभट चिंधीवर वाकला आणि पांढराफटक पडला. "हा तर माझ्या पणजोबांचा हात!"

पुढे एकेक करून सारे पदर उतरले, तळे भरले आणि राजहंस तीन दिवस काठावर विचार करून अखेर पाण्यात शिरले. ते सगळे शेवंती त्या क्षणी जे बोलली त्यामुळे. दरबाराने तिचा आवाज तेव्हा प्रथमच ऐकला.

"सासूबाई, तुमच्या हातचा सहावा पदर मी पहाटे उसवला. टाका फार सुबक होता, जिवावर आले. अजून पाच उरलेत. मी कात्री चालवते, तुम्ही कड धराल का?"